तिसरा हिस्सा

समुद्रात डायव्हिंग करताना काहीही बिनसलं तरी शेवटचा एक उपाय हाताशी असतो : वर जाणं. मास्कमध्ये पाणी शिरलं, जोडीदार दिसेनासा झाला, हवा संपत आली, तरी डोक्यावर फक्त पाणी असतं आणि पाण्यावर आकाश. घाईनं वर येण्यातही धोके आहेत, फुप्फुसांना इजा होऊ शकते. पण वाट असते. पाण्याखालच्या गुहेत नेमकी हीच गोष्ट नसते. डोक्यावर दगड असतो. वर जायचं तर आधी मागं जावं लागतं, आणि मागं जायला लागणारी हवा आधीपासून राखून ठेवलेली असावी लागते.

त्यामुळे गोड्या पाण्याच्या गुहांमध्ये हौसेनं उतरणारे लोक 'कुठल्या जागी उतरायचं?' असं विचारतात, तेव्हा तो हॉटेल निवडण्यासारखा प्रश्न राहत नाही. पाणी किती निळं, फोटो कसे येतात, विमानतळापासून किती लांब, हे सगळं आहेच. पण त्याच्या खाली एक जुना प्रश्न असतो. स्वतःचा जीव धोक्यात घालायचा हक्क मला आहे का? आणि असेल, तर तो कुठवर?

हा प्रश्न माझ्यापुढं आला तो कॉलेजच्या ग्रुपमुळे. आम्ही चौघं, सगळे वऱ्हाडातले, सगळे सॉफ्टवेअरमध्ये. दोघं अमेरिकेत, एक बंगळुरात, मी पुण्यात. मी तारकर्लीला डायव्हिंग शिकलो, बाकीचे आपापल्या ठिकाणी. सगळ्यांनी एकत्र मेक्सिकोला जायचं ठरलं आणि जागांची यादी ग्रुपवर पडली. उथळ, सोपी 'दोस ओखोस' की खोल, गूढ 'एल पिट'? की त्यापेक्षा फ्लोरिडातले झरे? मी जरा जास्तच प्रश्न विचारायला लागलो, तेव्हा डॅलसच्या मित्रानं अस्सल वऱ्हाडीत मला गप्प केलं : "जीव माहा हाय ना बे? मंग तुले काय करा लागते?"

टोमणा म्हणून ते ठीक होतं. पण युक्तिवाद म्हणून घेतलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

उजेड दिसतो तिथवर

आधी जागा म्हणजे काय ते पाहू. आमच्या वऱ्हाडात अशा गुहा का नाहीत, इथून सुरुवात केली तर ते लवकर कळतं. आपली जमीन काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्ह्याची. हा दगड झिजतो, तडकतो, पण चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही. मेक्सिकोच्या युकातानमध्ये आणि फ्लोरिडात खाली चुनखडी आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि हजारो वर्षं ती चुनखडी पोखरत राहतं. आत बोगदे तयार होतात, काही ठिकाणी छत कोसळतं, आणि खालचं पाणी उघडं पडतं. युकातानमधल्या अशा उघड्या डोहांना 'सेनोटे' म्हणतात. तिथं जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीत. नद्या जमिनीखाली आहेत.

किनाऱ्याजवळच्या सेनोटेंत वर गोडं पाणी आणि खाली समुद्राचं खारं पाणी असे दोन थर असतात. ते मिसळतात तिथं काचेवर तेल सांडल्यासारखं धूसर दिसतं. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात वाढलेल्या माणसाला जमिनीखालचं खारं पाणी नवं नाही. फक्त ते बघायला कुणी डॉलर मोजेल, हे नवं आहे.

आता महत्त्वाचा फरक. डायव्हिंगमध्ये 'केव्ह' आणि 'कॅव्हर्न' हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत दोन्हींना आपण गुहाच म्हणू, पण फरक जिवाचा आहे. कॅव्हर्न म्हणजे गुहेचा तेवढाच भाग, जिथून बाहेरचा सूर्यप्रकाश दिसतो. प्रशिक्षणाच्या प्रचलित मर्यादेप्रमाणे पाण्याच्या पृष्ठभागापासून, उभं आणि आडवं मिळून, ४० मीटरच्या आत. त्यापुढं केव्ह. तिथं जायला वेगळं, लांबलचक शिक्षण लागतं. हौशी डायव्हर फक्त कॅव्हर्नपुरता.

गंमत अशी की ही सीमा दगडावर कोरलेली नसते. दुपारी बाराला जी जागा कॅव्हर्न असते, ती सूर्य मावळला की केव्ह होते. कुणाच्या पायातल्या फिननं तळाचा गाळ ढवळला, की भर दुपारीही होते. जागा तीच, दगड तोच. बदललेलं असतं ते एवढंच, की तुम्हाला बाहेरची वाट दिसते की नाही. म्हणजे 'सुरक्षित जागा' हा गुण एकट्या जागेचा नसतो. जागा, वेळ, सोबतची माणसं आणि तुमचं शिक्षण, यांच्या जुळणीतून तो येतो. यादीत नुसती नावं टाकून जागा निवडता येत नाही, ती यामुळे.

पाटी, जाळी आणि टॉर्च

मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. जीव त्याचा आहे, हे खरंच आहे. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंतानं १८५९ साली 'ऑन लिबर्टी' या पुस्तकात एका पुलाचं उदाहरण दिलं आहे. पूल धोकादायक आहे, एक माणूस तो ओलांडायला निघालाय आणि त्याला धोका माहीत नाही. सांगायला वेळ नसेल, तर त्याला धरून मागं ओढलं तरी चालेल, कारण नदीत पडावं अशी त्याची इच्छाच नाही. पण धोका त्याला माहीत असेल, आणि पडणं निश्चित नसून फक्त शक्य असेल, तर आपण त्याला सावध करावं, अडवू नये. किती धोका पत्करायचा हे त्याचं त्यानं ठरवावं.

फ्लोरिडातले झरे पाहिले तर हा वाद तिथं अक्षरशः पाण्याखाली मांडलेला दिसतो. 'ईगल्स नेस्ट' नावाचा एक खोल डोह आहे. तिथं पाण्याखाली पाटी लावलेली आहे : थांबा, पुढं जाऊ नका, अशाच गुहांमध्ये डायव्हिंगचे प्रशिक्षकही मेले आहेत, आत जिवापेक्षा मोलाचं काही नाही. पाटीवर कोयता घेतलेला यमदूत. पण वाट मोकळी. हा मिलचा पूल. सांगितलं, अडवलं नाही. २०१३ च्या नाताळच्या दिवशी या डोहात एक बाप आणि त्याचा किशोरवयीन मुलगा मरण पावले. गुहेचं प्रशिक्षण दोघांकडेही नव्हतं. ही जागा बंद करा अशी मागणी झाली. जागा खुलीच राहिली.

त्याच राज्यात 'गिनी स्प्रिंग्ज' आहे. तिथल्या एका प्रशस्त कॅव्हर्नमध्ये साधं सर्टिफिकेट असलेले डायव्हर टॉर्च घेऊन जाऊ शकतात, कारण जिथून पुढं खरी गुहा सुरू होते तिथं लोखंडी जाळी बसवली आहे. आत जाताच येत नाही. आणि त्याच परिसरात 'डेव्हिल्स' नावाचे झरे आहेत. त्यांच्या तोंडाला जाळी नाही. तिथला नियम मला सगळ्यांत विचार करायला लावतो : गुहेचं प्रशिक्षण नसलेल्यानं तिथं टॉर्च न्यायचा नाही.

पहिल्यांदा हे उलटं वाटतं. अंधाराच्या जागी जाणाऱ्याकडून दिवा काढून घ्यायचा? पण टॉर्च हातात असला की आणखी चार हात पुढचं दिसतं, आणि दिसलं की जावंसं वाटतं. टॉर्च नसेल, तर सूर्यप्रकाश संपतो तिथं माणूस आपोआप थांबतो. ज्याला कॅव्हर्नची सीमा कळत नाही, त्यालाही अंधार कळतो. मला हा उपाय पाटी आणि जाळी यांच्या मधला वाटतो. पाटी तुमच्या बुद्धीशी बोलते, जाळी तुमच्या शरीराला अडवते. टॉर्चचा नियम तुमच्या मोहाचं साधन काढून घेतो आणि निर्णय तुमच्याकडेच ठेवतो.

मिलचा माणूस पुलावर एकदाच निर्णय घेतो. गुहेतला माणूस दर मीटरला घेतो, आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा थोडा वाईट अवस्थेत घेतो. सुमारे ३० मीटर खोलीवर दाबाखालचा नायट्रोजन डोक्यावर अंमल करायला लागतो, हलकी नशा चढल्यासारखी. म्हणजे काठावर होकार देणारा मी आणि तीस मीटर खाली 'अजून थोडं पुढं' म्हणणारा मी, हे दोघं एकच माणूस असले तरी दोघांची विचार करायची ताकद सारखी नसते. काठावरच्या माणसानं आतल्या माणसासाठी जागा निवडायची असते. ज्या जागी माझ्या बुद्धीवर कमीत कमी भिस्त आहे, ती जागा माझ्यासाठी चांगली. यात भित्रेपणा नाही. कोड लिहिताना आपण हेच करतो. वापरणारा शहाणा असेल असं गृहीत धरून लिहिलेला प्रोग्राम पहिल्याच आठवड्यात कोसळतो.

पुलाखाली कोण उभं आहे?

मिलच्या उदाहरणात आणखी एक माणूस नाही, आणि तो मला फार खटकतो. पूल कोसळल्यावर नदीत उतरणारा माणूस.

दक्षिण आफ्रिकेत 'बूसमन्सगाट' नावाचं गोड्या पाण्याचं एक प्रचंड खोल विवर आहे. डिसेंबर १९९४ मध्ये डिऑन ड्रायर हा वीस वर्षांचा तरुण डायव्हर तिथं गेला आणि वर आला नाही. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २००४ मध्ये, डेव्ह शॉ या डायव्हरला सुमारे २७० मीटर खोलीवर त्याचा देह दिसला. शॉनं ठरवलं, याला आई-वडिलांकडे परत द्यायचं. ८ जानेवारी २००५ ला तो पूर्ण तयारीनिशी उतरला, देहापर्यंत पोचला आणि तिथंच मरण पावला. त्याचा साथीदार डॉन शर्ली कसाबसा वाचला. चार दिवसांनी साहित्य वर ओढताना दोघांचेही देह वर आले.

२०१८ ची थायलंडची गोष्ट तर आपण सगळ्यांनी फोनवर तासातासाला पाहिली. २३ जूनला थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक अडकले. पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही तिथं गेले होते. तेराही जण जिवंत बाहेर आले, हे सगळ्यांना आठवतं. ६ जुलैला समान कुनान हा थाई नौदलाचा माजी सैनिक इतरांसाठी आत हवेचे सिलिंडर ठेवून परतताना मेला, हे कमी जणांना आठवतं. ती मुलं काही जिवाशी खेळायला गेली नव्हती, पावसानं त्यांना गाठलं. पण गुहेचा हिशेब हेतू विचारत नाही. आत कुणी राहिलं की बाहेरचा कुणीतरी आत जातो.

आणि हे बघायला थायलंडपर्यंत जायची गरज नाही. अकोला जिल्ह्यात पिंजरला संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक आहे. नदी, धरण, विहीर, कुठंही कुणी बुडालं की या स्वयंसेवकांना बोलावणं जातं. वारी हनुमानजवळ वाण नदीवर मामा-भाचा डोह आहे, तिथं पोहायला गेलेल्यांच्या बातम्या आमच्याकडे नव्या नाहीत. जो बुडाला त्याचं नाव छापून येतं. जो गढूळ पाण्यात हातानं चाचपडत त्याला शोधतो, त्याला काय वाटत असेल हे कुठं छापून येत नाही.

इथं डॅलसवाल्या मित्राच्या वाक्याला उत्तर सापडतं. जीव त्याचा आहे. पण तो आत राहिला तर त्याला आणायला जाणाऱ्याचा जीव त्याचा नाही. यावर तो म्हणेल, आणणाराही स्वतःच्या मर्जीनं येतो, त्याला कुणी जबरदस्ती केली? हे अर्धंच खरं आहे. शॉ स्वतःहून गेला, समान कुनान स्वतःहून गेला. पण माणूस आत अडकला आहे हे कळल्यावर 'मर्जी' या शब्दात फारसं काही उरत नाही. ज्याच्या अंगात ते कौशल्य आहे, त्याला नाही म्हणणं जवळजवळ अशक्य असतं. दुसऱ्याच्या भलेपणावर आपण असा हिशेब मांडू लागलो, तर ती स्वातंत्र्याची भाषा राहत नाही, उधारीची होते.

याचा अर्थ कुणी काही करूच नये असा नाही. तसं म्हटलं तर सह्याद्रीत ट्रेकही बंद, मोटरसायकलही बंद. मी एवढंच म्हणतो, की धोका पत्करायचा माझा हक्क जिथवर परतीची वाट माझ्या हातात आहे तिथवर पक्का आहे. त्यापुढं मी दुसऱ्याच्या खिशातून खर्च करतो. गोड्या पाण्यातल्या गुहांपुरतं हे बोलायचं, तर तो हक्क साधारण उजेड दिसतो तिथवर जातो. डायव्हर लोकांनी कॅव्हर्नची व्याख्या उजेडानं केली ती सोयीसाठी. मला तीत नीतीही दिसते.

हवेचे तीन भाग

गुहेत उतरणाऱ्यांचा एक मूळ नियम आहे. हवेचे तीन समान भाग करायचे. एक जायला, एक यायला, तिसरा राखीव. सिलिंडरमध्ये २१० बार दाब असेल, तर १४० वर काटा आला की मागं फिरायचं, मग पुढं कितीही सुंदर काही दिसो.

शिकताना मला वाटायचं, तिसरा भाग म्हणजे आपली बचत. वेळेला असू द्यावी. मग कागदावर गणित मांडलं. समजा आम्ही दोघं सर्वांत लांबच्या टोकाला आहोत. माझ्याकडे १४० आहेत, जोडीदाराकडेही. आणि नेमकं तिथं त्याचं उपकरण बिघडलं, हवा गेली. आता आम्ही दोघं माझ्या सिलिंडरवर परत येणार. आत जायला मला ७० लागले, म्हणजे यायला मला ७० आणि त्याला ७०. एकूण १४०. बाहेर पोचतो तेव्हा काटा शून्यावर.

म्हणजे तिसरा भाग माझा नव्हताच. तो पहिल्यापासून जोडीदाराचा होता, फक्त माझ्या पाठीवर होता. आणि त्याच्या पाठीवर माझा. शिवाय हे गणित दोघं शांतपणे श्वास घेतात असं धरून आहे. घाबरलेला माणूस किती भराभर श्वास घेतो, हे सगळ्यांना माहीत आहे. शिकवणारे म्हणूनच सांगतात, की तिसरा हिस्सा ही कमीत कमी मर्यादा आहे, जास्तीत जास्त नाही.

जागा निवडायचा खरा निकष मला या गणितात मिळाला. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, तीस मीटरवर चौपट. म्हणजे तीस मीटरवर प्रत्येक श्वासाला दहा मीटरच्या दुप्पट हवा लागते आणि तोच तिसरा हिस्सा निम्माच वेळ पुरतो. 'दोस ओखोस'ची फेरी साधारण दहा मीटरच्या आतबाहेर होते. कायमची लावलेली दोरी आहे, गुहेचं पूर्ण प्रशिक्षण घेतलेला गाइड पुढं असतो आणि एका गाइडमागं जास्तीत जास्त चार जण. 'एल पिट' खोल आहे. तिशीच्या आसपास हायड्रोजन सल्फाइडचा ढगासारखा थर तरंगतो, फोटो पाहून वेड लागतं, आणि तिथं वरच्या पातळीचं सर्टिफिकेट लागतं. दोन्ही जागी रोज लोक जातात आणि परत येतात. फरक एवढाच, की एका जागी माझ्या जोडीदाराचा हिस्सा मी जास्त वेळ सांभाळू शकतो.

आमच्या चौघांतल्या एकाच्या खात्यावर तेव्हा जेमतेम दहा डाइव्ह होते. तर मग प्रश्न 'मला एल पिट झेपेल का?' हा उरत नाही. 'त्याच्या पाठीवरचा माझा हिस्सा त्याला झेपेल का?' आणि त्याहून महत्त्वाचं, 'हे ओझं मी त्याच्यावर टाकावं का?'

मतदान नको, नकार हवा

ग्रुपवर काहीही ठरवायचं म्हटलं की आपण पोल टाकतो. बिर्याणी कुठली, पिक्चर कुठला, जागा कुठली. तीन विरुद्ध एक, झालं. धोक्याच्या बाबतीत ही पद्धत चुकीची आहे असं मला वाटतं, आणि कारण सोपं आहे. बिर्याणीच्या मतदानात हरलेल्याला न आवडणारी बिर्याणी खावी लागते. इथं हरलेल्याला स्वतःच्या भीतीसकट दगडाखाली जावं लागतं, आणि त्याच्या पाठीवर जिंकलेल्याची हवा असते.

गुहेतल्या डायव्हरांची रीत वेगळी आहे. कुणीही, केव्हाही, कुठल्याही कारणानं डाइव्ह संपवू शकतो. कारण सांगावं लागत नाही. नंतर वर आल्यावरही त्याला कुणी छेडत नाही. त्यासाठीची खूण म्हणजे अंगठा वर करणं. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा म्हणजे 'चालतंय'. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'बस, संपलं, वर चला'. एकानं अंगठा दाखवला की बाकीच्यांनी तो परत दाखवायचा आणि वळायचं. तीन विरुद्ध एक असलं, तरी एक जिंकतो.

आपल्याकडे मित्रामित्रांत हे किती अवघड आहे! "काय बे, भेला का?" एवढे चार शब्द पुरतात. त्या चार शब्दांच्या भीतीनं किती पोरं न येणाऱ्या पाण्यात उतरली असतील. कारण न विचारता दिलेला नकार स्वीकारणं ही मला डायव्हिंगमधली सगळ्यांत उपयोगी गोष्ट वाटते, आणि ती शिकायला पाणी लागत नाही. जागा निवडतानाही हाच नियम लावला पाहिजे. जागा अशी हवी, की जिच्यात आमच्यातला सर्वांत नवखा माणूस न लाजता अंगठा दाखवू शकेल.

ज्यांनी जागा निवडलेली नसते

हे सगळं लिहिताना एक गोष्ट टोचत राहते. आमच्या गावाकडे बरीच माणसं अंधाऱ्या पाण्यात उतरतात, आणि त्यांतल्या कुणीही जागा निवडलेली नसते. मोटरचा फुटव्हॉल्व्ह बिघडतो (गावात त्याचा 'फुटबॉल' झालाय), त्यासाठी कुणाला तरी विहिरीत उतरावं लागतं. उन्हाळ्यात गाळ काढायला मजूर उतरतात. विहिरीत कधी ऑक्सिजन कमी झालेला असतो, कधी आत सोडलेल्या डिझेल इंजिनाचा धूर साचलेला असतो. खालचा बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो, मग तिसरा. अशा बातम्या महाराष्ट्रात पुन्हापुन्हा येतात. बूसमन्सगाटमध्ये घडलं तेच, फक्त दहा वर्षांच्या अंतरानं न घडता दहा मिनिटांत.

यावरून कुणी म्हणेल, मग हौसेनं धोका विकत घेणं हे माजोरडेपणाचं लक्षण आहे. मला तसं वाटत नाही. मजुराचा धोका मी सेनोटेत न गेल्यानं कमी होत नाही. पण हौशी लोकांनी एक काम केलंय, जे आपण मजुरांसाठी केलेलं नाही. शेक एक्सली नावाचा फ्लोरिडातला एक गणिताचा शिक्षक होता, गुहेतल्या डायव्हिंगचा दिग्गज. त्यानं गुहांमध्ये मेलेल्यांच्या घटना एकेक करून तपासल्या आणि १९७९ साली एका छोट्या पुस्तकात त्यांतून नियम काढले : बाहेरपर्यंत अखंड दोरी, हवेचे तीन भाग, खोलीची मर्यादा. पुढं त्यांत प्रशिक्षण आणि दिवे यांची भर पडली. हे नियम आज जगभर शिकवले जातात. एक्सली स्वतः १९९४ साली मेक्सिकोतल्या साकातोन या डोहात विक्रमी खोली गाठायच्या प्रयत्नात मेला. त्यामुळे त्याचे नियम खोटे ठरत नाहीत. नियम माहीत असणं आणि मर्यादेच्या आत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेवढं ठळक होतं.

आमच्या कामात सर्व्हर बंद पडला तरी दुसऱ्या दिवशी बैठक होते. काय झालं, कधी कळलं, कुठं थांबवता आलं असतं. दोष कुणाचा हे न विचारता कारण शोधायचं. विहिरीतल्या मरणाला मात्र आपण 'काळ आला होता' म्हणतो, किंवा 'पोहण्याचा मोह जिवावर बेतला' असा मथळा देतो, आणि पान उलटतो. त्या मरणातून नियम निघत नाही. निघाला तर साधाच असेल : कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर दोघं असल्याशिवाय उतरायचं नाही, इंजिन आत सोडायचं नाही, आणि खालचा पडला तर त्याच्यामागं उडी न घालता दोर ओढायचा.

माझा मामा मला बाळापूर तालुक्यातल्या विहिरीत पोहायला शिकवायचा. पाठीला तेलाचा रिकामा डबा, कमरेला दोर, दोराचं टोक त्याच्या हातात. त्याचं एक वाक्य होतं : "पान्यात उतऱ्याच्या पहिले वर कोन हाय थे पाहून घेजो." त्यानं समुद्र पाहिला नव्हता. पण जागा कशी निवडायची याबद्दल मी पुढं जे जे वाचलं, त्यातलं बरंचसं या वाक्यात बसतं. खाली काय आहे हे आधी विचारायचं नाही. वर कोण आहे, आणि त्याच्या हातात दोर आहे का, हे आधी विचारायचं.

आम्ही 'दोस ओखोस' ठरवलं. मतदानानं नाही. दहा डाइव्हवाल्यानं एकदा 'नको' म्हटलं, आणि डॅलसवाल्यानंही मग काही विचारलं नाही. एल पिट पाच वर्षांनी करू, तेव्हा सगळ्यांचा हात बसलेला असेल. नाही बसला तर नाही करणार. तुम्हीही कधी मित्रांबरोबर अशा जागेला जाणार असाल, मग ती युकातानमधली असो, चिखलदऱ्याचा एखादा धबधबा असो की मामाच्या शेतातली विहीर, तर यादीतल्या नावांवर भांडण्याआधी तुमच्यातल्या सर्वांत नवख्या माणसाला एकट्यानं फोन करा. ग्रुपवर नको. तो काय म्हणतो ते ऐका, आणि 'का' विचारू नका.